पीक वाढले, भूकही वाढली : सुदानचा दुष्काळ कोणी घडवला?

सोलापूर, बीड, लातूरकडच्या घरात ज्वारीची भाकरी ही काही कौतुकाची गोष्ट नाही. रोजचे जेवण आहे ते. पण ही ज्वारी मूळची आपली नाही, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? तिचे माहेर आफ्रिका. पूर्व सुदानमध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या ज्वारी लागवडीचे पुरावे मिळाले आहेत. तिथून हे धान्य आपल्याकडे आले आणि इथलेच होऊन गेले. सुदानमध्ये आजही ज्वारीचे पीठ आंबवून तव्यावर कागदासारखी पातळ पोळी काढतात. तिला ‘किसरा’ म्हणतात. आपल्या आंबोळीची चुलत बहीणच म्हणा ना.

ज्वारीच्या त्या माहेरी आज माणसे भुकेने मरत आहेत. आणि विचित्र गोष्ट अशी की शेते पिकली नाहीत म्हणून मरत आहेत, असेही नाही.

जागतिक अन्न व कृषी संघटनेचे (एफएओ) आकडे पाहा. युद्ध सुरू झाले त्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, सुदानमध्ये सुमारे ४१ लाख टन धान्य पिकले. आदल्या वर्षाच्या जेमतेम निम्मे. पुढच्या हंगामात पाऊस चांगला झाला आणि २०२४ चे उत्पादन ६७ लाख टनांच्या आसपास गेले. मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षाही थोडे जास्तच. म्हणजे संकट ओसरायला हवे होते. पण त्याच हंगामाची ज्वारी घरात येत असताना, डिसेंबर २०२४ मध्ये, देशातल्या पाच भागांत अधिकृतपणे भूकबळीची स्थिती नोंदवली गेली. एकूण २ कोटी ४६ लाख लोक, म्हणजे जवळपास अर्धा देश, तीव्र उपासमारीच्या छायेत असल्याचे त्याच अहवालात होते. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये अल-फाशेर आणि कादुगली या दोन शहरांची नावे त्या यादीत आली.

ही नोंद करते ‘आयपीसी’ नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था. तिच्यात भुकेच्या पाच पायऱ्या आहेत. पाचवी पायरी लागायला अटी फार कडक आहेत. पाचातल्या किमान एका घरात अन्नाचा जवळजवळ पूर्ण अभाव हवा, दर तीन मुलांमागे साधारण एक मूल तीव्र कुपोषित हवे, आणि दर दहा हजारांमागे रोज दोन माणसे दगावलेली हवीत. म्हणजे कागदावर ‘भूकबळी’ हा शब्द उमटतो तेव्हा कबरी आधीच खोदून झालेल्या असतात.

इथे आपल्या भाषेची एक अडचण होते. पाऊस पडला नाही तरी आपण ‘दुष्काळ’ म्हणतो आणि माणसे उपाशी मेली तरीही ‘दुष्काळ’च म्हणतो. एकच शब्द असल्यामुळे दोन्ही गोष्टींचा कर्ता एकच आहे, आभाळ, असे मनात बसून जाते. पाऊस न पडणे माणसाच्या हातात नाही. पण पाऊस न पडल्यावर, किंवा पडल्यावरही, कोणाच्या ताटात काय जाईल हे माणसेच ठरवतात. याला महाराष्ट्र स्वतःच साक्षीदार आहे.

१९७२ चा दुष्काळ आठवणारी पिढी अजून आपल्यात आहे. आमची दादी अमेरिकेतून आलेल्या लाल ‘मिलो’चे नाव निघाले की तोंड वाकडे करायची. भाकरी नीट थापली जायची नाही, चव लागायची नाही. तोही ज्वारीचाच प्रकार, पण इथल्या तोंडाला न रुचणारा. तरी लोकांनी तो खाल्ला, आणि तो खायला हातात पैसे होते, कारण खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला, रस्ते करायला सरकारने माणसे लावली होती. १९७३ च्या उन्हाळ्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख लोक होते. हाल झाले नाहीत असे कोणी म्हणू नये. गुरे गेली, गावे उठली, सुकडीवर मुले जगवली. पण लाखो माणसे भुकेने मेली नाहीत. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा एक थक्क करणारी गोष्ट पुढे आली. त्या काळात महाराष्ट्रात दरडोई जेवढे धान्य उपलब्ध होते, त्यापेक्षा जास्त धान्य आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातील बहुतेक देशांत होते. भूकबळी मात्र तिकडे पडले.

सेन यांनी हाच मुद्दा १९४३ च्या बंगालबद्दल मांडला होता. सुमारे ३० लाख माणसे गेली, आणि त्या वर्षीचे धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते, उलट जास्त होते. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. फरक भातात नव्हता. युद्धाच्या महागाईत शेतमजूर, कोळी, नावाडी यांची मजुरी तांदळाच्या भावामागे पार मागे पडली, साठेबाजी झाली, आणि इंग्रज सरकारचे लक्ष फौजेच्या आणि कलकत्त्याच्या पोटाकडे होते. खेडी मेली.

आता पुन्हा सुदानकडे येऊ. या देशाला निसर्गाने काही कमी दिलेले नाही. निळी नाईल आणि पांढरी नाईल खार्तूमला एकत्र येतात. त्या दोघींच्या मधल्या सपाट काळ्या जमिनीला अरबीत ‘अल-जझीरा’ म्हणतात, म्हणजे बेट. आपल्या गंगा-यमुनेच्या दोआबासारखा हा प्रदेश. १९२५ मध्ये इंग्रजांनी सेन्नार येथे धरण बांधले आणि उताराने वाहणाऱ्या कालव्यांवर इथे प्रचंड सिंचन उभे केले. आज त्याखाली सुमारे २२ लाख एकर क्षेत्र येते. पण ते धरण सुदानी माणसाला भाकरी मिळावी म्हणून नव्हते. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. कुळाने काय पेरायचे हे वरून ठरायचे. विदर्भातल्या वाचकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर, १९७० च्या दशकात, तेलाचे भाव भडकले आणि आखाती देशांकडे पैसा आला. तेव्हा सुदानला ‘अरब जगाचे धान्याचे कोठार’ करायचे स्वप्न रंगवले गेले. आखाताचा पैसा, पाश्चिमात्य यंत्रे आणि सुदानची जमीन-पाणी. पूर्वेकडे गदारिफच्या मैदानात ट्रॅक्टरने हजारो एकरांवर ज्वारी पेरली जाऊ लागली. जमिनीचे पट्टे मिळाले ते बहुतेक व्यापाऱ्यांना, अधिकाऱ्यांना, निवृत्त लष्करी मंडळींना. गुराख्यांच्या चराईच्या वाटा नांगराखाली गेल्या. आणि त्या ज्वारीचा एक मोठा भाग सौदी अरबात जनावरांचे खाद्य म्हणून जाऊ लागला.

मग १९८४ आले. दारफूर आणि कोर्दोफानमध्ये पाऊस गेला. राष्ट्राध्यक्ष जाफर निमेरी यांनी बराच काळ संकट मान्यच केले नाही. कोठार म्हणून जगाला दाखवलेल्या देशात भूक आहे असे कसे म्हणायचे? एकट्या दारफूरमध्ये सुमारे एक लाख माणसे गेल्याचा अंदाज ॲलेक्स द वाल या अभ्यासकाने काढला. त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली. लोक असहाय बसून नव्हते. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी पुढच्या पेरणीचे बियाणे आणि जगतील तेवढी जनावरे सांभाळली, रानातली फळे-बिया खाऊन दिवस काढले. एप्रिल १९८५ मध्ये निमेरींची सत्ता गेली.

चाळीस वर्षांनी तोच प्रकार. डिसेंबर २०२४ मध्ये आयपीसीचा अहवाल प्रसिद्ध व्हायच्या आदल्या दिवशी सुदान सरकारने त्या व्यवस्थेतूनच माघार घेतली. ताप मोजणारी काडी फेकून दिली की ताप उतरतो, असा हा हिशेब.

सध्याचे युद्ध १५ एप्रिल २०२३ ला सुरू झाले, रमजानच्या शेवटच्या दिवसांत. एका बाजूला जनरल अब्दुल फत्ताह अल-बुरहान यांचे सैन्य, दुसऱ्या बाजूला मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हमीदती यांची ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’, थोडक्यात आरएसएफ. ऑक्टोबर २०२१ मध्ये या दोघांनी मिळूनच नागरी सरकार उलथवले होते. नंतर वाटणीवरून बिनसले. तेव्हापासून एक कोटीहून अधिक माणसांनी घर सोडले आहे.

शेती अशा युद्धात कशी मरते, हे समजून घ्यायला हवे. फक्त बॉम्ब पडल्याने नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आरएसएफने अल-जझीराची राजधानी वद मदनी घेतली. तिथे जागतिक अन्न कार्यक्रमाचे गोदाम होते. १५ लाख लोकांना महिनाभर पुरेल एवढे धान्य होते. ते लुटले गेले. ट्रॅक्टर गेले, पंप गेले, शेतकरी पळाले. कालव्यातला गाळ काढायला, गवत उपटायला माणूस राहिला नाही, तर धरण भरलेले असूनही शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही. बँका बंद, म्हणजे पेरणीचे कर्ज नाही. कर्ज नाही म्हणजे बियाणे-खत नाही. वद मदनीला देशाची बियाणे पेढीही होती, ज्वारी-बाजरीच्या जुन्या वाणांचे हजारो नमुने जपणारी. तिचीही नासधूस झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुदानने वाचलेल्या बियाण्यांचे काही नमुने नॉर्वेच्या उत्तरेला, बर्फातल्या स्वालबार्डच्या जागतिक बियाणे कोठारात नेऊन ठेवले. ज्वारीच्या माहेराला आपले बियाणे परदेशात अमानत ठेवावे लागले!

खार्तूममध्ये शेंगदाण्यापासून कुपोषित मुलांसाठी पौष्टिक पेस्ट बनवणारा एक कारखाना होता. देशाला लागणाऱ्या अशा आहाराचा सुमारे ६० टक्के वाटा तिथून यायचा. युद्धाच्या दुसऱ्याच महिन्यात तो जळाला. भुईमूग पिकवणाऱ्या देशाला तीच पेस्ट मग बाहेरून आणावी लागली, आणि ती पोहोचवायला रस्ते बंद.

रस्ते, हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा. अल-फाशेरजवळ ‘झमझम’ नावाची विस्थापितांची छावणी होती. नाव वाचून कोणाही मुसलमानाच्या मनात पाणीच येईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ने सांगितले की या छावणीत दर दोन तासांना किमान एक मूल दगावते आहे. त्याच महिन्यात पोर्ट सुदानमधल्या लष्करी सरकारने चाडच्या हद्दीवरचा आद्रे हा मार्ग मदतीच्या ट्रकसाठी बंद केला. कारण दिले की तिथून आरएसएफला शस्त्रे येतात. शस्त्रे येत नव्हती असे नाही. पण दारफूरकडे जाण्याची सर्वांत सरळ वाट तीच होती. १ ऑगस्ट २०२४ ला झमझममध्ये भूकबळी जाहीर झाले. त्यानंतर दोन आठवड्यांनी आद्रे उघडला. म्हणजे सहा महिने धान्य आणि मुले यांच्या मध्ये पर्वत नव्हता, वाळवंट नव्हते. एक सही होती.

दुसऱ्या बाजूने आरएसएफने मे २०२४ पासून अल-फाशेरला वेढा घातला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्याच जूनमध्ये ठराव करून वेढा उठवायला सांगितले. कोणी ऐकले नाही. उलट २०२५ मध्ये शहराभोवती मातीचा उंच बांध घालण्यात आला. आत लोक ‘अंबाज’ खाऊ लागले. अंबाज म्हणजे शेंगदाण्याचे तेल काढून उरलेला चोथा, आपण जिला पेंड म्हणतो आणि म्हशीपुढे टाकतो ती. पुढे तीही मिळेनाशी झाली. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी शहर आरएसएफच्या हाती पडले आणि मग कत्तलीच्या बातम्या आल्या.

गदारिफच्या बाजारात त्या वर्षी ज्वारी होती. २०२४ चे वाढीव पीक मुख्यतः पूर्वेला आणि मध्यभागी आले होते. दारफूरमध्ये ते सरासरीच्या बरेच खाली होते. देशाच्या एका टोकाचे धान्य दुसऱ्या टोकाला न्यायचे, तर प्रत्येक नाक्यावर बंदूकधारी आणि प्रत्येक नाक्यावर वसुली. जे पोहोचेल त्याचा भाव ऐकूनच माणूस मागे फिरतो. पगार बंद, रोजगार बंद. पोट भरायला धान्य असून चालत नाही, ते मिळवण्याची ऐपतही लागते.

हा नियम फक्त सुदानचा नाही. जगात दरवर्षी २८० कोटी टनांहून अधिक तृणधान्य पिकते. तान्ह्या मुलासह प्रत्येक माणसाला वाटले तर रोजचे ९०० ग्रॅमहून जास्त पडते. आपल्यातला धडधाकट शेतकरीसुद्धा रोज एवढे खाणार नाही. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी लोक उपाशीपोटी होते. धान्य जाते कुठे? एक तृतीयांशाच्या आसपास जनावरांच्या खाद्यात जाते. अमेरिकेच्या मक्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग इथेनॉल होऊन गाड्यांच्या टाकीत जातो. आणि २०२२ मध्ये घरे, हॉटेले, दुकाने यांनी मिळून १०५ कोटी टन अन्न वाया घालवले. त्यातला सर्वांत मोठा वाटा घरांचा होता. (लग्नाच्या दावतीत बिर्याणीच्या ताटांचे काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यावर वेगळे लिहावे लागेल.)

पण केवळ ‘पाश्चिमात्यांनी लुटले’ एवढे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही, आणि या लेखाचे खरे दुखणे हे आहे. गाझाची नाकेबंदी झाली तेव्हा आपल्याला दोषी कोण ते लगेच दिसले. २ मार्च २०२५ पासून आठवडेच्या आठवडे एक ट्रक आत गेला नाही, आणि ऑगस्टमध्ये तिथेही भूकबळी जाहीर झाले. आपण बोललो, दुआ केली, चंदा दिला. योग्यच केले. सुदानमध्ये मात्र वेढा घालणारा मुसलमान, वाट अडवणारा मुसलमान, आणि पेंड खाणाराही मुसलमान. त्यामुळे कोणाविरुद्ध बोलायचे हे न सुचून आपण गप्प बसलो. माझ्या मोहल्ल्याच्या मशिदीत जुम्याला सुदानचे नाव गेल्या दोन वर्षांत मी बोटावर मोजण्याइतक्या वेळा ऐकले आहे.

पैशाचा मागही तसाच अवघड. सुदानचे सोने दोन्ही बाजूंच्या खिशात जाते आणि त्याचा मोठा भाग दुबईच्या बाजारात पोहोचतो. संयुक्त अरब अमिरात आरएसएफला शस्त्रे पुरवते असा आरोप सुदान सरकारने केला, आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावाही लावला. अमिरातीने आरोप नाकारला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून दावा काढून टाकला. आरोप खरा की खोटा यावर निकाल झालाच नाही. बुरहान यांच्या बाजूनेही इजिप्तसारखे पाठीराखे आहेत. आखाती कंपन्यांनी नाईलच्या पाण्यावर सुदानमध्ये लसूणघास पिकवून तो आपल्या देशातल्या गायींसाठी जहाजाने नेला, ही तर युद्धापूर्वीचीच गोष्ट. आपल्यातले कितीतरी जण त्याच आखातात नोकरी करतात, तिथले दूध-दही खातात. त्यात गुन्हा नाही. पण ते घास कुठल्या पाण्यावर वाढले हे माहीत असलेले बरे.

या अंधारात उभे राहिले ते सुदानचे सामान्य लोक. मोहल्ल्या-मोहल्ल्यात तरुणांनी ‘आपत्कालीन खोल्या’ नावाचे गट केले. जुन्या सूफी तकियांची परंपरा तिथे आहे. त्याच धर्तीवर सामुदायिक चुली पेटल्या. मोठ्या डेगीत मसूर किंवा बाकला शिजवायचा, घरातले भांडे घेऊन यायचे, एक वेळचे घेऊन जायचे. पैसा यायचा परदेशातल्या नातेवाईकांकडून मोबाइलवर, आणि बराचसा अमेरिकी मदतीतून. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सरकार बदलले, परदेशी मदत गोठवली गेली, आणि काही आठवड्यांत हजाराहून अधिक चुली विझल्या. तिकडे कोणी सुदानचे नावही घेतले नसेल. या गटांना २०२५ चा ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. त्यांच्यातले अनेक स्वयंसेवक दोन्ही बाजूंनी पकडले गेले, काही मारले गेले. समोरच्याला जेवू घातले, हाच त्यांचा गुन्हा.

जानेवारी २०२५ मध्ये सैन्याने वद मदनी परत घेतले आणि अल-जझीराचे शेतकरी हळूहळू परतू लागले. कालवे तुंबलेले, घरांची दारे-खिडक्याही नेलेली. तरी लोकांनी पेरले. तिकडे पश्चिमेला आद्रेचा मार्ग ऑगस्ट २०२४ मध्ये उघडला होता तो तीन महिन्यांसाठी. नोव्हेंबरमध्ये त्याला तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली, फेब्रुवारीत पुन्हा मिळाली, आणि मग पुन्हा. प्रत्येक वेळी तारीख जवळ आली की चाडच्या बाजूला धान्याचे ट्रक उभे असतात, आणि सगळे पोर्ट सुदानहून येणाऱ्या कागदाची वाट पाहतात.